रविवार पेठेतली खपली: दाणा चोख, पाकिटावरची बडबड फुकट

आधी निकाल सांगून टाकते, कारणं मागाहून. बेळगावात खपली गहू घ्यायचा असेल तर रविवार पेठेतल्या जुन्या धान्याच्या दुकानातून सुटा, सडलेला (म्हणजे कांडून टरफल काढलेला), पोत्यातला घ्या आणि ओळखीच्या गिरणीत दळून आणा. चकचकीत पाकिटातलं पीठ आणि रवा तिथंच फळीवर राहू दे.

शहापुरात आमची गिरणी आहे. सासऱ्यांच्या वेळची, आता मी चालवते. दिवसभर गल्लीतले डबे हाताखालून जातात, त्यामुळं कुणाच्या घरात काय खातात हे मला त्यांच्या पाहुण्यांपेक्षा जास्त ठाऊक. पूर्वी खपलीचा डबा आला की समजायचं, घरात जत्रा आहे, लग्न आहे, नाहीतर बाळंतीण. आता टिळकवाडीतनं स्कूटरवरून येतात आणि बजावतात, "काकू, खपलीच हं फक्त. आधीचं पीठ आत राहिलेलं नको." साखर निघाली की डॉक्टरची गोळी सुरू व्हायच्या आधी खपली सुरू होते. माझा धंदा आहे, मी कशाला नको म्हणू? पण त्यापायी खपलीच्या नावावर काहीही विकायला लागलेत, म्हणून हे लिहायला बसले.

दुकान तसं साधं. पाटी कन्नडात, बोलणं मराठीत, मोबाइलवरचा हिशेब इंग्रजीत. पोती दारापर्यंत आलेली, आत जायला एक माणूस आडवा होईल एवढी वाट.

"अण्णा, कुठली ही?"

"अथणीकडची हाय की वैनी. यंदाची."

"सडली कुठं?"

"मशीनवरच. हातानं कोण कांडतंय आता?"

अण्णांची एक गोष्ट मला पटते. मूठ भरून बघू देतात, दाताखाली धरू देतात, तोंड वाकडं करत नाहीत. मोठ्या चकाचक दुकानात पोत्यात हात घातला तर पोरगं धावत येतं.

खपलीचा दाणा ओळखायला अवघड नाही. लांबट, दोन्हीकडं निमुळता, पाठीला थोडा बाक, रंग तांबूस, पोटाची चीर खोल. साधा गहू मळला की भुसा वेगळा आणि दाणा वेगळा पडतो. खपलीचं तसं नाही. मळणीत कणसाचे तुकडे तुकडे होतात आणि एकेका तुकड्यात बहुधा दोन दाणे टरफलाला घट्ट धरून बसलेले असतात. ते टरफल काढायला वेगळं सडावं लागतं. आमच्या आजीच्या वेळी उखळ आणि मुसळ होतं, आता यंत्र आहे. खपली महाग पडते त्याचं निम्मं कारण हेच, आणि माल बिघडतो तोही इथंच. घाईनं सडला की वरचा कोंडा खरवडला जातो, टोकाचा कोंब तुटतो, कणी पडते. मूठभर दाणे तळहातावर जोरात चोळायचे. हात पांढरा झाला तर जास्त सडलाय. चार-दोन दाण्यांना टरफल चिकटलेलं दिसलं तर उलट बरं समजायचं, यंत्र बेतानं चालवलंय. अण्णांच्या पोत्यात अशी टरफलं निघतात, निवडायला बसावं लागतं. खडाही सापडतो. उन्हाळ्यात एकदा किडका माल आला होता. परत नेला तर काही न बोलता बदलून दिला. भाव साध्या गव्हाच्या दुपटीच्या वर आहे आणि त्यात घासाघीस चालत नाही.

आता पाकीट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तीन-चार जणांच्या पाकिटांवर तेच छापलेलं आहे. 'ग्लुटेन फ्री'. हे साफ खोटं. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन, असतंच. ज्याला खरोखर ग्लुटेन बाधतं त्यानं हे वाचून खाल्लं तर दवाखाना गाठावा लागेल. 'शुगर फ्री' तर कुठलंच पीठ नसतं. पचायला सावकाश, तंतू जास्त, प्रथिनं बरी, इथपर्यंत ठीक आहे. पण चार पोळ्यांच्या जागी सहा खाल्ल्या तर खपली तरी काय करणार?

एक पाकीट फोडून पीठ मळून बघितलं. ताणलं तर रबरासारखं लांबत गेलं. निव्वळ खपलीची कणीक अशी ताणत नाही, कडेला चिरते. त्यात साधा गहू किती मिसळलाय हे मी सांगू शकत नाही, पण मिसळलाय हे हाताला कळलं.

मला खरा राग येतो तो वेगळ्याचाच. या गव्हाची जी खरी थोरवी, ती एकाही पाकिटावर नाही. 'ऋषींचं अन्न' म्हणे, 'पाच हजार वर्षांचा वारसा' म्हणे. अहो, वारसा कसला ते तरी सांगा. गव्हावर बुरशीचा तांबेरा रोग पडतो, त्याच्यापुढं खपली टिकली, त्या तांबेऱ्याचं नाव एकानंही काढू नये?

मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. केलेलं आहे, गिरणीत बसते म्हणून ते पुसलं गेलेलं नाही. त्या वेळी पक्सिनिया ग्रॅमिनिस म्हणजे काळ्या तांबेऱ्याचं जीवनचक्र काढून काढून बोटं दुखायची. पाच प्रकारचे बीजाणू, अर्धे गव्हावर, अर्धे बार्बेरीवर. बार्बेरी म्हणजे आपल्या दारुहळदीच्या जातीचं झुडूप. परीक्षेला हमखास यायचं. पण त्या पुस्तकात खपलीचा उल्लेख कुठं नव्हता, आणि माझ्या माहेरी रायबागकडं तर रानात खपली उभी असायची.

तांबेरा मी रानातच पहिल्यांदा बघितला, सूक्ष्मदर्शकाखाली नंतर. शेजारच्यांच्या बन्सी गव्हातनं चालत गेलं की परकराला विटकरी भुकटी लागायची. ताटाला लांबट फोड येतात, ते फुटतात, साल उकलते आणि आतनं ती भुकटी उडते. झाडाचं पाणी त्या फुटलेल्या सालीतनं जातं आणि दाण्यात भरायचा माल बुरशी खाते. दोन-तीन आठवड्यांपूर्वी हिरवंगार दिसलेलं रान कापणीला येईपर्यंत काळं पडून लोळतं. असा गहू दळायला आला की मला डबा उचलतानाच कळतं, भरलेला दिसतो आणि वजन लागत नाही. दाणा चिमलेला, पीठ थोडं आणि कोंडाच फार.

ही भुकटी माणसाच्या मागं फार जुनी लागलेली आहे. रोमन लोक दरवर्षी २५ एप्रिलला रोबिगस नावाच्या देवाला कुत्रं बळी द्यायचे, एवढ्याचसाठी की बाबा, गव्हावर तांबेरा पाडू नको. म्हणजे आपल्याकडं मरीआईला कोंबडं देतात तोच मामला. आपल्या देशात ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन साहेब सगळ्यांना माहीत आहे. त्याच स्लीमननं १८३० च्या आसपास नर्मदेच्या खोऱ्यात तांबेऱ्यानं गहू कसा गेला आणि लोकांचे कसे हाल झाले तेही लिहून ठेवलंय. ठग लक्षात राहिले, तांबेरा राहिला नाही.

अमेरिकेत १९१६ साली काळा तांबेरा असा पसरला की अमेरिका आणि कॅनडा मिळून ३० कोटी बुशेल गहू गेला. बुशेल म्हणजे गव्हाचे साधारण २७ किलो, गुणाकार तुम्ही करा. वर पहिलं महायुद्ध सुरू, युरोपातल्या दोस्तांना गहू पाठवायचा. मग लोकांना सांगण्यात आलं, सोमवारी आणि बुधवारी गहू खाऊ नका. आपल्याकडं उपवास देवासाठी करतात, त्यांनी तो लढाईसाठी केला. १९१८ पासून बार्बेरीची झुडपं उपटायची मोहीम निघाली, शाळेची पोरंसुद्धा कामाला लावली. पुढच्या काही दशकांत कोट्यवधी झुडपं उपटली.

याच धांदलीत मिनेसोटा विद्यापीठात स्टॅकमन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या ध्यानात आलं की तांबेरा एकच दिसत असला तरी आतनं त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. एका गावचा तांबेरा ज्या गव्हावर पडतो त्याच गव्हावर दुसऱ्या गावचा पडत नाही. मग ओळखायचं कसं? त्यांनी गव्हाच्या १२ जाती ठरवल्या. कुठूनही तांबेरा आला की या बारांवर टाकायचा आणि कुणावर किती फोड येतात ते बघून त्याला नंबर द्यायचा. १९२२ साली ही यादी पक्की झाली आणि पुढं अनेक वर्षं जगभर तीच चालली. त्या बारांतलं एक नाव वाचून मी खुर्चीवरून उठले होते. लिटल क्लब, मार्क्विस, कोटा, कुबांका अशी सगळी परकी नावं आणि शेवटी 'खपली'. असंच, आपल्या नावानं. बाकीच्या जाती कुठल्या ना कुठल्या तांबेऱ्याला बळी पडत, खपली जवळजवळ सगळ्यांना पुरून उरायची.

ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या वॉटरहाउस यांनी त्यांच्याकडच्या स्टाइनवेडेल नावाच्या गव्हाशी खपलीचा संकर केला. झालेल्या जातीचं नाव 'खपस्टाइन'. अथणीच्या पोरीचं लग्न सिडनीत लागलं आणि आडनाव अर्धं माहेरचं राहिलं. सोपं काम नव्हतं ते. खपलीची गुणसूत्रं २८, पोळीच्या गव्हाची ४२, संकर धड जमत नाही, झाला तर बी धरत नाही. तरी तांबेऱ्याला अडवणारी जनुकं त्यांनी खपलीतून पलीकडं नेली. त्यांतली दोन आज एसआर १३ आणि एसआर १४ या नावांनी ओळखली जातात.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. नॉर्मन बोरलॉग म्हटलं की आपल्याला बुटका गहू आणि हरितक्रांती आठवते. १९६६ साली भारतानं मेक्सिकोहून १८,००० टन बी आणलं, ते त्यांच्याच कामाचं फळ. पण १९४४ साली हा माणूस मेक्सिकोत गेला तेव्हा त्याच्यापुढं पहिला शत्रू काळा तांबेराच होता, गव्हाची उंची नंतर कमी झाली. पुढं दोन पिढ्यांना वाटलं, काळा तांबेरा संपला. १९९८ मध्ये युगांडात नवा प्रकार सापडला, यूजी ९९. राय या धान्यातनं आणलेलं एसआर ३१ नावाचं जनुक तोवर जगभरच्या गव्हाला राखत होतं, ते या प्रकारापुढं टिकेना. अजून तो भारतात आलेला नाही. शास्त्रज्ञ जी थोडी हत्यारं घेऊन त्याच्यापुढं उभे राहिले, त्यांत आपलं एसआर १३ होतं.

एवढं असून पाकिटावर काय, तर 'ऋषींचं अन्न'.

बटाट्याची गोष्ट निदान लोकांना ऐकून माहीत असते. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत बटाटा लावणाऱ्याला करपा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. तोच करपा १८४५ मध्ये आयर्लंडात पडला, दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. तिथं सगळ्यांनी जवळपास एकाच जातीचा बटाटा लावलेला होता, आणि वर सरकार ढिम्म. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाआधी भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला होता, पण त्या पापात युद्धाचा आणि सरकारचा वाटा मोठा. नुसत्या बुरशीवर ढकलून चालायचं नाही.

आपल्याकडं दक्षिणेत खपली टिकली कशी, तेही ऐका. आग्र्याच्या करमचंद मेहतांनी आयुष्य घालवून शोधून काढलं की मैदानी मुलखात उन्हाळ्याच्या तापात तांबेरा मरून जातो. इथं त्याला बार्बेरीही लागत नाही. तो उन्हाळा काढतो डोंगरात, हिमालयात नाहीतर निलगिरी आणि पळणीच्या थंड हवेत. हिवाळी पीक उभं राहिलं की निलगिरीकडनं वाऱ्यावर बसून उत्तरेला निघतो. त्याच्या वाटेवर आधी कर्नाटक लागतं. मग आमच्या भागातल्या शेतकऱ्यानं तांबेरा न धरणारा गहू बांधाशी का होईना राखून ठेवला, यात नवल काय? तांबेऱ्यावर लक्ष ठेवायला महाबळेश्वरला गहू गेरवा (गेरवा म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्र आहे. स्ट्रॉबेरी खाऊन परत येणाऱ्यांपैकी कितीजण तिकडं बघतात?

खपलीला रोगच होत नाही असं मात्र कुणी सांगितलं तर तेही पाकिटवाल्यांच्याच रांगेतलं. तांबेरा रूप बदलत राहतो. स्टॅकमनच्या वेळचा हिशेब आज जसाच्या तसा लागू नाही. शिवाय जुनी खपली उंच वाढते, अवकाळीचा वारा आला की लोळते, आणि उतारा साध्या गव्हाहून कमी. चिकोडी-रायबागचा माणूस ऊस सोडून ती लावत नाही याला कारण आहे.

आता स्वयंपाकातली परीक्षा, कारण शेवटी घेतो ते खायलाच.

पोळी: निव्वळ खपलीची पोळी हवी असेल तर कोमट पाण्यात मळा, अर्धा तास झाकून ठेवा, जाडसर लाटा. फुलक्याची हौस सोडा. चव गोडसर, खमंग, थंड झाली तरी वातड होत नाही. पुरणपोळीला मी घेत नाही, कडा फाटतात आणि पुरण तव्यावर येतं. रवा काढून उप्पीट केलं तर मोकळं होतं, चिकट गोळा होत नाही. शेवया तर याच्याच.

आणि हुग्गी. कोल्हापूरकडं गव्हाची खीर म्हणतात, आमच्यात दोन्ही नावं चालतात. रात्री भिजत घाला, सकाळी निथळून ओलसर असतानाच हलक्या हातानं कांडा, वरचा कोंडा पाखडून टाका. मिक्सरला लावून पीठ करू नका. मऊ शिजला की गूळ, वाळलं खोबरं, खसखस, सुंठ, बडीशेप. साध्या गव्हाची हुग्गी दुसऱ्या दिवशी खळ होते. खपलीचा दाणा फुटतो पण विरघळत नाही, शिळ्या हुग्गीतही दाताखाली लागतो. या एका पदार्थासाठी मी दुपटीचा भाव देते आणि कुरकुरत नाही.

दळायला आणाल तेव्हा दोन गोष्टी. ऊन दाखवून आणा, दमट दाणा दगडाला बसतो. आणि महिन्याला पुरेल एवढंच दळा. गिरणीच्या दगडाला नुकतीच टाकी लावली (छिन्नीनं टोचून खरखरीत केला) असेल तर पहिला डबा आपला होऊ देऊ नका, कचकच लागते. हे कुठलाही गिरणीवाला आपणहून सांगत नाही, मी सांगतेय.

तारे द्यायचेच तर अण्णांच्या पोत्याला चार, एक खड्यांपायी कापला. पाकिटाला एक, तोही माझ्या मुलीच्या म्हणण्यावरून, पाकिटाचं झिप चांगलं आहे म्हणून.

परवा हे सगळं ऐकून एक गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, मग दोन किलो परसात पेरूनच टाकतो." तसं कुणाच्या मनात असेल तर दुकानातली सडलेली नेऊ नका. सडताना कोंब दुखावलेला असतो, निम्मी उगवणार नाही. बियाण्याला टरफलासकटच हवी. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं डीडीके १०२५, डीडीके १०२९ अशा खपलीच्या बुटक्या, न लोळणाऱ्या जाती काढल्यात. पुण्याच्या आघारकर संस्थेची एमएसीएस २९७१ आहे. बी तिथूनच मागा, पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात करा, आणि कापून झाल्यावर सडायला कुठं नेणार ते आधी ठरवा. माझ्या गिरणीत ते यंत्र नाही.